पावलातलं स्ट्रेस फ्रॅक्चर: पहिल्या ठणक्यापासून पुन्हा धावण्यापर्यंत

"पडलो नाही, पाय मुरगळला नाही, कुणी पाय तुडवला नाही, तरी पाऊल दुखतंय." स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या धक्क्यांनी हाडाला पडलेली चीर, झालेला खेळाडू पहिल्या भेटीत बहुतेक वेळा हेच सांगतो. कारण सापडत नाही म्हणून तो दुखणं अंगावर काढतो. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं धावल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला काहीतरी बोचतं आणि थांबलं की जातं. आठवड्याभरात तेच पहिल्या किलोमीटरला सुरू होतं. पुढे जिना उतरताना जाणवतं, आणि शेवटी रात्री अंथरुणात पडल्यावरही ठणका राहतो.

मी या वाटेने स्वतः गेलो आहे. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मला धावायची परवानगीच मिळाल्यासारखं वाटलं आणि मी आणखी अडीच आठवडे सराव केला. दुसऱ्या एक्स-रेमध्ये दुसऱ्या मेटाटार्सलभोवती (चवड्याकडच्या पाच लांब हाडांपैकी दुसऱ्याभोवती) नव्या हाडाचा धूसर गोळा दिसला. सहा-आठ आठवड्यांत मिटलं असतं ते दुखणं चार महिने पुरलं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला स्वच्छ एक्स-रे हा सुटकेचा दाखला नाही.

हाडाला चीर पडते कशी

हाड सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. धावताना, उड्या मारताना पडणाऱ्या धक्क्यांनी त्यात सूक्ष्म भेगा पडतात. काही पेशी तो खराब भाग कुरतडून काढतात, दुसऱ्या पेशी त्या जागी नवं हाड भरतात. गोम अशी की कुरतडण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरण्याला मात्र तीन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे सराव अचानक वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असतं. नेमक्या त्याच वेळी दम वाढलेला असतो, स्नायू तयार झालेले असतात, अंगात उत्साह असतो आणि माणूस वेग वाढवतो.

हे आधी लक्षात आलं सैनिकांमध्ये. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहॉप्ट यांनी १८५५ मध्ये लांबच्या कवायतींनंतर सुजणाऱ्या, दुखणाऱ्या पावलांचं वर्णन केलं. तेव्हा क्ष-किरणांचा शोधच लागला नव्हता, त्यामुळे दोष हाडात आहे हे सिद्ध व्हायला १८९७ साल उजाडावं लागलं. आजही नवीन भरती झालेले सैनिक, लांब पल्ल्याचे धावपटू, नर्तक आणि बास्केटबॉलपटू हेच याचे ठरलेले बळी आहेत. चौघांतही एक गोष्ट समान आहे: पावलावरचा भार थोड्या आठवड्यांत बराच वाढतो.

पहिली पायरी: एका बोटाने जागा शोधा

बसा, पाऊल मांडीवर घ्या आणि तर्जनीच्या टोकाने एकेक हाड दाबत जा. दुखणं तळहाताएवढ्या भागात पसरलेलं असेल तर ते बहुधा स्नायूचं किंवा स्नायुबंधाचं असतं. एका बोटाखाली मावेल एवढ्या जागेत हाडावरच कळ येत असेल, तर मात्र त्याच दिवशी धावणं थांबवा. तपासणीची वेळ कधी मिळते याची वाट बघत सराव चालू ठेवू नका.

चवड्याकडच्या लांब हाडांना, म्हणजे मेटाटार्सलना, वरून दाबा. खालून दाबलं तर गादीसारखा मांसल भाग आड येतो आणि काही कळत नाही. बोटांच्या मधल्या फटीत दुखत असेल आणि बोटं बधिर होत असतील, तर नस दबल्याची शक्यता जास्त. टाचेसाठी तिच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून ती चेपा. अशा चेपण्याने जोरात कळ आली तर टाचेच्या हाडाचा संशय घ्या. टाचेखालचा पट्टा दुखावला असेल (प्लांटर फॅशायटिस) तर सकाळची पहिली पावलं सर्वांत त्रासाची असतात आणि चालता चालता दुखणं सैल होतं. हाडाची चीर उलट वागते, चालाल तसं ती वाढत जाते.

एका पायावर उड्या मारून खात्री करायचा मोह अनेकांना होतो. साधं चालताना दुखत असेल तर तो प्रयोग करू नका. अर्धवट चिरलेलं हाड पूर्ण मोडायला तेवढं निमित्त पुरतं.

दुसरी पायरी: कोणतं हाड आहे, यावर सगळं ठरतं

पावलात २६ हाडं असतात आणि सगळी सारखी सांधत नाहीत. "स्ट्रेस फ्रॅक्चर आहे, सहा आठवडे विश्रांती" एवढाच सल्ला मिळाला, तर पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: कुठल्या हाडाचं?

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मेटाटार्सलचा मधला भाग आणि टाचेचं हाड ही त्यातल्या त्यात सज्जन हाडं. त्यांना रक्तपुरवठा चांगला आहे, ती वेळ देणाऱ्याला निराश करत नाहीत. धावपटूंमध्ये याच मेटाटार्सलना चीर पडण्याचं प्रमाण मोठं असतं.

नेव्हिक्युलरचं मात्र तसं नाही. घोट्याच्या पुढे, पावलाच्या कमानीच्या माथ्यावर नावेच्या आकाराचं हे हाड असतं. त्याच्या मधल्या तिसऱ्या भागाला रक्त कमी पोचतं, आणि चवड्यावर जोर येतो तेव्हा दोन्हीकडची हाडं नेमकी तिथेच त्याला चिमटतात. दुखणं अस्पष्ट असतं. खेळाडू "कमान दुखते", "घोट्याच्या पुढे जड वाटतं" असं सांगतो, आणि सरावानंतर तासाभरात बरंही वाटतं. त्यामुळे ओळखायला महिनोन्महिने जातात. कमानीच्या माथ्यावर नाण्याएवढ्या जागेत दाबल्यावर कळ येत असेल तर "बघू चार दिवस" म्हणायचं नाही. कुबड्या घ्या, त्या पायावर भार देऊ नका आणि तज्ज्ञांकडे जा. साडेसात फूट उंचीच्या बास्केटबॉलपटू याओ मिंगला २००८ मध्ये डाव्या पावलात स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. पुढेही पायाच्या दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही आणि २०११ मध्ये त्याला निवृत्ती घ्यावी लागली.

दुसरं अवघड ठिकाण म्हणजे करंगळीच्या मेटाटार्सलचा मागचा भाग. पावलाच्या बाहेरच्या कडेने हात फिरवलात तर मध्यावर एक टेंगूळ लागतं. त्या टेंगळाच्या टोकाचा तुकडा पाय मुरगळताना निघतो, आणि तो सहसा सहज जुळतो. त्याच्या दीड-दोन सेंटिमीटर पुढे चीर असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे रक्तपुरवठा तोकडा आहे. इंग्लंडमधले शल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये या भागातल्या फ्रॅक्चरचं वर्णन केलं, तेही नाचताना स्वतःच्याच पावलाला झालेल्या दुखापतीवरून. त्यांचंच नाव त्याला पडलं. बास्केटबॉलपटू केविन ड्युरंटची या फ्रॅक्चरसाठी ऑक्टोबर २०१४ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०१५ पर्यंत त्याच पावलावर आणखी दोन कराव्या लागल्या. शेवटच्या वेळी हाडाचं कलम लावलं गेलं. उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या खेळाडूची ही कथा आहे, म्हणून या जागेबाबत घाई करणाऱ्याला मी ती आवर्जून सांगतो.

उरलेल्या धोक्याच्या जागा थोडक्यात. अंगठ्याच्या मुळाखाली वाटाण्याएवढी दोन हाडं असतात, त्यांना सेसमॉइड म्हणतात. बोटांच्या टोकांवर उभ्या राहणाऱ्या बॅले नर्तकींमध्ये दुसऱ्या मेटाटार्सलच्या अगदी मुळाशी चीर पडते. घोट्याच्या आतल्या उंचवट्याचं हाड आणि त्याखालचं टॅलसही याच यादीत. सेसमॉइड काहींना जन्मतःच दोन तुकड्यांचं असतं. कडा गुळगुळीत गोलसर असतील तर ते जन्मजात, धारदार असतील तर चीर, असा ढोबळ फरक एक्स-रेवर करतात. दुसऱ्या पायाचा एक्स-रेही सोबत काढला तर तुलनेला उपयोगी पडतो, पण जन्मजात तुकडे एकाच पायात असू शकतात हे ध्यानात ठेवा.

तिसरी पायरी: तपासणी, योग्य क्रमाने

सुरुवात एक्स-रेने होते आणि ते बरोबरच आहे. पण सांधणारं नवं हाड दिसू लागेपर्यंत एक्स-रेला फारसं काही कळत नाही, आणि नेव्हिक्युलरची चीर तर त्यानंतरही बऱ्याचदा लपून राहते. संशय सज्जन हाडाचा असेल, तर एमआरआय न करताही भार कमी करून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढणं हा मार्ग चालतो. उपचार तसाही तोच असतो. संशय धोक्याच्या जागेचा असेल तर एमआरआय लगेच करावा, लांबवू नये. हाडाच्या आत साचलेली सूज एमआरआयमध्ये चीर पडण्याआधीच दिसते. या टप्प्यावर सापडलेला खेळाडू नशीबवान, कारण त्याचा थांबण्याचा काळ सर्वांत कमी असतो. चीर किती खोल गेली आणि ती कितपत सांधली हे पाहायला सीटी स्कॅन जास्त चांगला, विशेषतः नेव्हिक्युलरसाठी.

डॉक्टरांकडे जाताना मागच्या आठ आठवड्यांच्या सरावाची नोंद कागदावर उतरवून न्या: दर आठवड्याचं अंतर, वेगाचे दिवस, चढ-उतार, बूट कधी बदलले, पृष्ठभाग कधी बदलला. पूर्वीची फ्रॅक्चर्स, चालू औषधं (स्टेरॉइड असतील तर नक्की), वजनातला चढ-उतार आणि स्त्रियांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. निदान यातूनच अर्धंअधिक होतं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र या लेखातलं कुठलंही घरगुती तंत्र वापरू नये. न दुखता सुजलेलं, गरम लागणारं पाऊल त्यांच्या बाबतीत तातडीची बाब आहे.

चौथी पायरी: हाडाला सांधू देणं

मेटाटार्सलच्या मधल्या भागासाठी कडक तळव्याचा बूट किंवा वॉकिंग बूट (पाऊल आणि घोटा जखडून धरणारा वैद्यकीय बूट) साधारणपणे पुरतो. कसोटी साधी आहे, दिवसभराचं चालणं वेदनेशिवाय झालं पाहिजे. बूट घालूनही दुखत असेल तर काही दिवस कुबड्या घ्या. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेकांची ही हाडं धावण्याच्या उंबरठ्यावर येतात. टाचेला मऊ पॅडचा आधार देतात, काळ जवळपास तेवढाच.

नेव्हिक्युलरला वेगळी शिस्त लागते: प्लास्टर किंवा बूट आणि सहा ते आठ आठवडे त्या पायावर अजिबात भार नाही. "अजिबात" म्हणजे रात्री बाथरूमला जातानाही नाही. इथे पाय टेकवत टेकवत केलेली विश्रांती वाया जाते, याचे अनुभव खूप आहेत. चीर खोल असेल किंवा तुकडे सरकले असतील तर स्क्रूने जोडावं लागतं. कोणताही मार्ग घेतला तरी खेळात परतायला चार ते सहा महिने धरून चाला. करंगळीकडच्या त्या अवघड जागेसाठी खेळाडूंना अनेकदा सुरुवातीलाच स्क्रू सुचवतात, कारण नुसत्या प्लास्टरने न जुळण्याचं किंवा पुन्हा मोडण्याचं प्रमाण तिथे जास्त आहे. हा निर्णय शल्यविशारदासोबत बसून घ्यायचा आहे. शस्त्रक्रियेचं नाव ऐकून पळू नका.

वेदनाशामकांबद्दल माझं मत ठाम आहे. गोळी घेऊन सराव कधीही करू नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या औषधांनी हाड सांधण्यात अडथळा येण्याची शंका आहे, त्यामुळे गरज पडली तर पॅरासिटामॉल चालेल का हे डॉक्टरांना विचारा. तंबाखू, सिगारेट या काळात पूर्ण बंद. निकोटिन हाडाचा रक्तपुरवठा आणखी तोडतं.

दम टिकवायचे मार्ग आहेत. कमरेला तरंगपट्टा बांधून खोल पाण्यात, तळाला पाय न टेकवता धावण्याची हालचाल करता येते. पूर्वी ट्रॅकवर जे वेगाचे टप्पे करत होता तेच मिनिटांत मोजून पाण्यात करा. सायकल चालवताना पेडल चवड्याऐवजी टाचेखाली घेतलं तर मेटाटार्सल सुटतात. भार बंद असेल तर पोहताना दोन्ही पायांमध्ये फ्लोट धरा आणि भिंतीला पाय मारून वळू नका. कंबर, मांडी आणि पोट यांचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून चालू ठेवा. पण यातलं काहीही करताना त्या जागेवर कळ आली तर ते तिथेच थांबवायचं.

पाचवी पायरी: हे मुळात कशामुळे झालं, ते शोधणं

हा भाग सर्वांत जास्त टाळला जातो, आणि पहिल्यानंतर दुसरं स्ट्रेस फ्रॅक्चर होण्याचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. सरावातली उडी हे एक कारण. बूट हे दुसरं: पातळ तळव्याच्या बुटांकडे काही आठवड्यांत वळलेल्या धावपटूंच्या पावलातल्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली आढळली आहे. ते बूट वाईट नाहीत, पण बदलाला महिने द्यावे लागतात.

तिसरं कारण ताटातलं आहे. सरावाला लागणारी ऊर्जा वजा केल्यावर शरीराला रोजच्या कामासाठी फार थोडी उरली, तर ते प्रजननसंस्था आणि हाडं यांचा खर्च आधी कापतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला रेड-एस (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव दिलं. हिशोब करून बघा. ६० किलो वजनाच्या खेळाडूच्या अंगात १० किलो चरबी असेल तर उरलेलं वजन ५० किलो. त्या प्रत्येक किलोमागे ३० कॅलरी ही धोक्याची रेषा मानतात, म्हणजे १५०० कॅलरी. सरावात ५०० खर्च होत असतील, तर दिवसाला २००० कॅलरी खाणारा हा खेळाडू रेषेवरच उभा आहे. किलोमागे ४५ कॅलरी पुरेशा मानतात, त्या हिशोबाने सरावासकट त्याला २७५० लागतात. या दोन आकड्यांतली तफावत ऐकून अनेक जण चमकतात, कारण आपण पोटभर खातो असंच त्यांना वाटत असतं.

सलग तीन महिने पाळी न येणं ही सरावाची पावती नव्हे. ती हाडांची तक्रार आहे. "धावणाऱ्या मुलींचं असंच असतं" असं कुणी प्रशिक्षक म्हणत असेल तर ते ऐकू नका, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक डॉक्टरांना भेटा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसते, त्यामुळे तो पाहून निर्धास्त राहता येत नाही. पुरुषांमध्ये कामेच्छा मंदावणं, सकाळचं उत्थान थांबणं, सतत थकवा आणि चिडचिड या खुणा असतात. त्या बोलून दाखवायचा संकोच वाटतो, पण हाडाच्या प्रश्नात त्यांचा थेट संबंध आहे.

व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासून घ्या. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या ५ हजारांहून अधिक तरुणींना आठ आठवडे रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट व्हिटॅमिन डी किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन केलेल्या अभ्यासात, खऱ्या गोळ्या घेणाऱ्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाली. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थात पोट अर्धं ठेवून गोळ्या गिळल्याने काही साधणार नाही.

सहावी पायरी: परतीची वाट

कॅलेंडर बघून धावायला सुरुवात करू नका. आधी तीन गोष्टी जुळू द्या: बोटाने दाबल्यावर ती जागा दुखत नाही, अर्धा तास भरभर चालणं सलग आठ-दहा दिवस वेदनेशिवाय झालं आहे, आणि दुखावलेल्या पायावर उभं राहून टाच वर-खाली करणं दुसऱ्या पायाइतकंच जमतं. तिसरी गोष्ट खेळाडू सोडून देतात. पोटरी थकली की धक्का झेलण्याचं तिचं काम मेटाटार्सलवर येतं, म्हणून पोटरीची ताकद म्हणजे या हाडांचं कवच. धोक्याच्या हाडांसाठी याखेरीज डॉक्टरांची स्पष्ट परवानगीही हवी.

मग एक दिवसाआड, सपाट जागेवर, एक मिनिट हळू धावणं आणि चार मिनिटं चालणं, असे सहा फेरे. दोन दिवस नीट गेले की दोन आणि तीन, मग तीन आणि दोन, मग चार आणि एक. या चढणीला तीन-चार आठवडे लागतात. आधी वेळ वाढवा, वेग नंतर. चढ, काटेरी बूट आणि उड्या सगळ्यात शेवटी. प्रत्येक धावेची परीक्षा तीनदा होते: धावताना, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. स्नायू अंबणं चालेल, ती जुनी जागा बोलू लागली तर दोन दिवस सुट्टी घ्या आणि शेवटच्या विनावेदना टप्प्यावर परत या. दुखणं तरीही राहिलं तर पुन्हा तपासणी.

उड्यांच्या व्यायामात एक बारकावा आहे. सलग काही डझन धक्के बसले की हाडातल्या पेशी पुढच्या धक्क्यांना प्रतिसाद देईनाशा होतात, आणि त्या पुन्हा सजग व्हायला काही तास जातात. त्यामुळे एका दमात दोनशे उड्या मारण्यापेक्षा सकाळी तीस आणि संध्याकाळी तीस हाडाला जास्त घडवतात, आणि शिणवतात कमी.

पूर्ण सराव सुरू झाल्यावरही पहिलं वर्षभर आठवड्यातून एकदा, सरावानंतरच्या दिवशी, बोटाने ती जागा दाबून बघा. दुसऱ्या पावलावरची तीच जागाही सोडू नका. इतके आठवडे शरीराचा भार तिने वाहिलेला असतो.